सांडशी आवडते हे चारचौघांत कसं सांगू?

पत्र थोडक्यात असं: वाचक बाई ३६ वर्षांच्या, मूळच्या गडहिंग्लजकडच्या, आजोळ सावंतवाडीचं, सध्या पुण्यात आयटीत. त्यांच्या टीममध्ये एक खेळ सुरू झालाय. दर शुक्रवारी एकानं आपल्या पाच ‘फेव्हरेट’ गोष्टी सांगायच्या आणि बाकीच्यांनी त्यातली निदान एक तरी आठवडाभरात करून बघायची. आधीच्यांनी कोल्ड ब्रू, जपानी पेनं, खडखड वाजणारा महागडा कीबोर्ड असलं काय काय सांगितलं. यांच्या मनातली यादी वेगळीच होती: आजीची सांडशी, रात्रीचा रेडिओ, टाचेला लावायचं भिरंडेल, एसटीची खिडकी आणि गावच्या वाचनालयातल्या जुन्या रहस्यकथा. आदल्या रात्री ती नवऱ्याला वाचून दाखवली तर तो ‘सांडशी? सिरियसली?’ म्हणून हसत सुटला. मग ऐनवेळी यांनी खोटंच सांगितलं. लॅव्हेंडरची मेणबत्ती, हातानं गाळायची कॉफी, आणखी दोन अशाच काहीतरी आणि एक कोरियन मालिका, जिचा यांनी फक्त ट्रेलर बघितलाय. आता टीममधल्या एका मुलीनं ती मालिका अख्खी बघून टाकलीय, रोज डबा खाताना शेवटाबद्दल बोलते, आणि पुढच्या महिन्यात तुझ्याच घरी बसून दुसरी बघूया म्हणतेय. प्रश्न दोन. खरं सांगून टाकू, की गुपचूप सोळा भाग बघून घेऊ? आणि माझी आवड मुळातच इतकी मागासलेली का? ता.क.मध्ये लिहिलंय की हे डोक्यात घोळत असल्यानं झोप लागत नाही, मग गालिचे धुण्याचे व्हिडिओ बघत पडते, ते तर रोजचंच आहे.

अगं सांडशीवाली (नाव छापू नका म्हणालीस ना, मग हेच घे),

तुझं पत्र मी वाचायला घेतलं ते गॅसवर दूध ठेवून. सोळा भागांपाशी आले आणि दूध उतू गेलं, आणि ते पातेलं मी घाईघाईत कशानं उतरवलं असेल ते तुला सांगायला नको. तेव्हा तुझ्या यादीतल्या पहिल्या नंबरला माझं एक मत पडलंय असं समज.

आधी नवऱ्याचं बघू. त्याला एकदा शांतपणे विचार, सकाळी चहाचं पातेलं तू कशानं उतरवतोस बाबा, माझ्या ओढणीनं? तो हसला कारण ‘फेव्हरेट’ ह्या शब्दाच्या शेजारी त्यानं कधी सांडशी बघितलीच नव्हती, बाकी काही नाही. आपण सगळेच असे हसतो. माझ्या भाच्यानं लग्नाच्या बायोडेटात छंद म्हणून ‘भांडी घासणे’ लिहिलं होतं, सगळं घर हसलं, मीही हसले, आणि त्याला खरंच आवडतं गं भांडी घासायला, अजून घासतो, बायको खूष आहे. तू मात्र त्या एका हसण्यावरून थेट ‘माझी आवड मागासलेली’ इथवर पोचलीस, एक्सप्रेससारखी, मधलं एकही स्टेशन न घेता.

थांब, पण आधी सांडशीचंच बोलू कारण मला बोलायचंय. कोणी पकड म्हणतं, कोणी गावी म्हणतं, आमच्याकडे सांडशीच. आपल्या पातेल्यांना दांडे नसतात हे तू कधी नीट लक्षात घेतलंयस का? दांडा नाही म्हणून ती एकात एक बसतात, लहान मोठी दहा पातेली एका पातेल्याच्या जागेत राहतात, आणि त्या सगळ्यांना मिळून दांडा एकच, तो खिळ्याला अडकवलेला. दहा भांड्यांत एक दांडा! ज्यानं कोणी हे पहिल्यांदा केलं त्याला मी नमस्कार करते. आता दांड्याची भांडी आलीयत, कपाटात प्रत्येक दांडा वेगळ्या दिशेला तोंड करून बसतो आणि दार उघडलं की एक तरी अंगावर येतो. माझ्या सुनेनं घेतलाय तसला सेट, दिसायला देखणा आहे, पण ठेवायचा कुठे ह्यावर आमच्या घरी दोन वर्षं चर्चा चालू आहे.

माझी सांडशी बोहारणीकडून घेतलेली, दोन जुन्या साड्या आणि ह्यांची एक पँट देऊन. बोहारीण पँट घेईना, मी सांडशी सोडेना, शेवटी एक परकर वर द्यावा लागला. तिचा मधला खिळा अधूनमधून सैल होतो, मग दगडावर ठेवून बत्त्यानं दोन ठोके घातले की पुढची दोन वर्षं बघायला नको. नवी घ्यायची झाली तर दुकानात नुसती हवेत उघडझाप करून बघू नये, दुकानदाराला म्हणावं एक पातेलं द्या, त्यात अर्धं पाणी घाला, आणि उचलून बघावं. पातेलं एका अंगाला कलंडलं तर ती सांडशी तिथंच ठेवून यावी. तोंडाला आतून खाचे असलेली घ्यावी, गुळगुळीत तोंडाची तेलकट काठावरून सटकते, आणि आमटीनं भरलेलं पातेलं सटकलं की काय होतं ते मला माहितीय, माझ्या पायावर डाग आहे. बघ, सांडशी म्हटल्यावर मी केवढी बोलले. त्या लॅव्हेंडरच्या मेणबत्तीबद्दल तू काय बोललीस गं त्या दिवशी? ‘खूप रिलॅक्सिंग आहे’, असंच काहीतरी ना? दुसरं काही सुचणारच नाही, कारण पेटवलीच नाहीयेस ती.

आता ते ‘मागासलेली’. तुझ्या यादीत रेडिओ आहे म्हणून रेडिओचीच गोष्ट सांगते, जरा लांबेल पण वाच. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपलेच, मराठी माणूस, दहा वर्षं ते खातं सांभाळलं त्यांनी. त्यांचं मत असं होतं की सिनेमातली गाणी ऐकून लोकांची अभिरुची बिघडते, तेव्हा आकाशवाणीवर ती कमी कमी होत जवळजवळ बंद पडली आणि शास्त्रीय संगीत वाढलं. त्यातून चांगलंही झालं, शास्त्रीय गाण्याचे अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाले आणि लांबलांबच्या गवयांचं गाणं घरोघरी पोचलं, ते नाकारू नये. पण बाकीच्या लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज आला की चाळीत जिन्यावर माणसं बसायची असं माझी आई सांगायची, आणि नंबर म्हणायचं नाही तर ‘पायदान’ म्हणायचं, आज कुठलं गाणं कुठल्या पायदानावर गेलं ह्यावर पैजा. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीनंच विविध भारती काढली आणि ती बिघडवणारी गाणी सरकारी रेडिओवर सन्मानानं परत आली.

आता गंमत बघ. त्या काळी ती गाणी आवडतात हे मोठ्या माणसांपुढे बोलायची चोरी होती कारण ती उथळ, आणि आज तू रात्री दहाला उशाशी विविध भारतीवरचं छायागीत ऐकतेस ते ऑफिसात सांगायची चोरी कारण ते जुनाट. गाणी तीच. तुझ्या रहस्यकथांचं पण असंच, बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि माझ्या काकांच्या पिढीनं त्या अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या, मार खाल्ला, आणि आता तीच पुस्तकं कुणाच्या माळ्यावर सापडली तर लोक फोटो काढून मिरवतात. तेव्हा पुढारलेलं आणि मागासलेलं हे ठरवणारा माणूस दर वीस वर्षांनी बदलतो, त्याच्या नादी लागून तू किती वेळा यादी बदलणार आहेस?

झुमरी तलैयाचं नाव ऐकलंयस का? जुने रेडिओवाले लगेच हसतील. आताच्या झारखंडात कोडरमा जिल्ह्यात आहे, अभ्रकाच्या खाणींचं गाव, पण देशभर ओळख झाली ती फर्माइशींच्या पत्रांनी. इतकी पत्रं जायची तिथून की हे गाव खरंच आहे का नुसतं थट्टेनं नाव घेतायत अशी शंका यायची लोकांना. त्या पत्रांत काय असायचं, तर गाण्याचं नाव आणि ऐकणाऱ्यांची नावं. हे गाणं मला का आवडतं, त्यातून माझं व्यक्तिमत्त्व कसं दिसतं, असलं काही नाही. आपल्याकडे मराठी गाण्यांचं ‘आपली आवड’ होतं, ते लागलं की आई लाटणं हातात धरून थांबायची, आणि ती गाण्यासाठी थांबायची नाही, नावांसाठी थांबायची. कुठल्या गावाहून कोण, सोबत आत्या, काका, आणि घरातली बाळगोपाळ मंडळी. आमच्या वडिलांनी अकरा पत्रं पाठवली होती, नाव एकदाही आलं नाही, पण बाराव्याचं पोस्टकार्ड आणून ठेवलेलं होतं.

इथवर मी तुझ्या बाजूनं बोलले. आता जरा उलटतपासणी.

तुझी ती खरी म्हणवलेली यादी परत एकदा वाच. आजी, आजोळ, एसटी, गावचं वाचनालय, रात्रीचा रेडिओ. कशी छान उदबत्ती लावून मांडल्यासारखी आहे बघ. आणि ता.क.मध्ये, खाली, बारीक अक्षरात, गालिचे धुण्याचे व्हिडिओ! ‘ते तर रोजचंच आहे’ म्हणतेस. रोज रात्री जी गोष्ट तू आपणहून बघतेस ती ऑफिसच्या यादीत नाही ते समजू शकते, पण खऱ्या यादीत पण नाही? म्हणजे एक यादी टीमसाठी सजवली आणि दुसरी मला दाखवायला सजवलीस की काय? रागावू नकोस, मुद्दाम केलंस असं म्हणत नाहीये. पण साधेपणाचं पण एक प्रदर्शन असतं गं, मी खूप बघितलंय, मातीच्या भांड्यातलं पाणी पितो हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते कोल्ड ब्रूवाल्याच्या चेहऱ्यावर येतं त्याहून काही वेगळं नसतं.

आणि ती कोरियन मालिका. तू गृहीत धरलंयस की ते ‘त्यांचं’ आणि सांडशी ‘माझी’. बघितलीच नाहीस तर आवडत नाही कशावरून? मी सुनेबरोबर हिंदीत डब केलेली एक बघितली, पहिल्या दिवशी नाक मुरडत, ओठ एकीकडे आवाज दुसरीकडे, आणि तिसऱ्या भागाला मुलाची आई त्या गरीब मुलीला हॉटेलात बोलावते आणि पैशांचं पाकीट टेबलावर पुढे सरकवते, माझ्या मुलाचा नाद सोड म्हणून! मी उठून बसले. अगं हे तर आपलंच! फक्त आपल्याकडे पाकिटाच्या जागी बांगड्या असतात. मग रात्रीचे दोन वाजले.

तर आता तुझा पहिला प्रश्न, काय करू. गुपचूप सोळा भाग बघून घेणं हा मार्ग वाईट आहे असं नाही, पण एकेक भाग तासाभराचा धर, म्हणजे सोळा तास, तेवढ्या वेळात तू एसटीनं सावंतवाडीला जाऊन जेवून झोपशील. आणि परीक्षेला बसल्यासारखी बघशील, कुठला प्रसंग विचारला जाईल ह्या धाकात, त्यात मजा काय. शिवाय ही बघून झाली की ती मुलगी म्हणणार, आता पुढची कुठली सांगतेस? खोटं एकच बोललीस पण त्याचे हप्ते सुरू होतील.

शुक्रवारी सगळ्यांपुढे उभं राहून कबुली देणं, हे मला आवडत नाही. तुला वाटतंय तेवढं मोठं हे प्रकरण नाही. पाच गोष्टींच्या खेळात कोणी दोन भारी नावं ठोकून दिली ह्यानं कुणाचं नुकसान झालेलं नाही, आणि भर मीटिंगमध्ये गळा दाटून सांगायला लागलीस तर बाकीचे बिचारे कुठे बघावं ते न कळून मोबाइलकडे बघतील. त्यातल्या अर्ध्यांनी असंच केलेलं असणार हे पण लक्षात ठेव. त्या जपानी पेनवाल्याच्या खिशात एकदा सहज डोकाव, ऑफिसचं फुकटचं बॉलपेन निघालं तर मला कळव. गप्प बसणं हा तिसरा मार्ग, दीड महिन्यात सगळे विसरतील, आणि मेणबत्ती आणि कॉफीपुरता मी तोच घेईन. फक्त तुझ्या शब्दावर कोणी कॉफी गाळायचं काचेचं भांडं विकत घेतलं असेल तर त्याला एक दिवस घरी बोलावून चहा पाज, माझ्याकडून तेवढीच शिक्षा.

पण ती मुलगी वेगळी. ह्या सगळ्या भानगडीत तुला फक्त मालिका दिसतेय, मला ती मुलगी दिसतेय. तू सांगितलंस म्हणून तिनं सोळा तास घातले, आणि रोज डबा घेऊन तुझ्या शेजारी येऊन बसते. पुण्यात नोकरीच्या गावी आलेल्या माणसाला असं रोज शेजारी येऊन बसणारं कोणी मिळणं किती अवघड असतं हे मी माझ्या मुलीकडून ऐकते, ती तिकडे लांब असते. तिला सांग. दोघीच असताना, डबा खाताना, फार प्रस्तावना न करता. अगं, मी ती बघितलीच नव्हती, सगळे भारी भारी सांगत होते म्हणून ठोकून दिलं, शेवट तर तुझ्याकडूनच कळला, आता पहिल्यापासून माझ्याकडे येऊन दाखवतेस का? एक दिवस फुगेल कदाचित. किंवा हसेल आणि सगळ्यांना सांगेल, सांगू दे, फार तर एखादं टोपणनाव पडेल आणि ते मी ठेवलेल्यापेक्षा बरं असेल.

आता पुढच्या वेळेचं. तुझी पाळी परत येणारच आहे, तर एक गोष्ट नीट वेगळी कर, जी मला पण फार उशिरा कळली. आवड वेगळी आणि शिफारस वेगळी. तुमच्या खेळात दुसऱ्यानं आठवडाभरात करून बघायचंय ना, मग एसटीची खिडकी त्यात बसतच नाही. गडहिंग्लजहून आजऱ्यामार्गे आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जाताना तुला जे होतं ते खिडकीमुळे थोडंच होतं, ते पलीकडच्या टोकाला आजी स्टँडवर उभी असायची म्हणून होतं. दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर त्याला तीन तास धक्के बसतील, ओकारी येईल आणि तो तुला शिव्या देईल, त्यात त्याची काही चूक नाही. ती खिडकी तुझी तू ठेव. कुणाला सांगितली नाहीस तरी ती तुझीच राहते.

भिरंडेल मात्र अवश्य सांग, ते सांगण्यासारखंच आहे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, कुणी मुटेल म्हणतात, घट्ट गोळा असतो म्हणून पुण्यातल्या लोकांना तेल म्हटल्यावर कळणारच नाही, साबणाची वडी समजतील. चमच्यात थोडं घेऊन आचेवर वितळवायचं, कोमट झालं की रात्री टाचेच्या भेगांत भरायचं, वरून जुने मोजे. पण वाईट काय तेही त्याच दमात सांगायचं, की मोजे विसरलात तर चादरीचा सत्यानाश आणि बाथरूमला जाताना घसरून पडाल, वास पण काही मेणबत्तीसारखा नाही. (आणि भेगांतून रक्त येत असेल किंवा डायबेटिस असेल तर घरचे प्रयोग न करता डॉक्टरला पाय दाखवायचा, हे मी सगळ्यांसाठी लिहितेय.) कुठे मिळतं ते सांग, कुडाळ सावंतवाडीकडून कोणी येणारं असेल तर आणायला सांग, जमलं तर चार गोळे तूच आणून वाट. शिफारस करताना त्या वस्तूचा एक तरी दोष सांगितला की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो, भाजीवाली पण तेच करते, ही नको घेऊ ताई आज, जून आहे, असं एकदा म्हणाली की तू जन्मभर तिच्याकडूनच घेतेस.

रेडिओ सांगायचा तर ‘मला जुनी गाणी आवडतात’ असं नको सांगूस, सगळेच सांगतात. असं सांग की रात्री दहाला दिवा मालवायचा, आवाज इतका बारीक ठेवायचा की शेजारच्या खोलीत जाऊ नये, आणि पुढचं गाणं कुठलं ते आपल्या हातात नाही. फोनवर आपण गाणं पुढे ढकलतो, नको, हे नको, पुढचं, आणि शेवटी एकही न ऐकता झोपतो, रेडिओवर ती सोय नाही म्हणून बरं. हे मी माझं सांगितलं, तुझं तू शोध. रहस्यकथा एखादी नेऊन टेबलावर ठेव, बाकी काही बोलू नकोस, मुखपृष्ठच पुरेसं असतं.

आणि सांडशी पिशवीत घालून घेऊन जा. बरोबर एक पातेलं.

ह्याच विषयावर माझ्याकडे अजून पत्रं पडलीयत म्हणून जाता जाता त्यांचंही. एक काका आहेत, त्यांनी सांगितलेल्या मिसळीच्या ठिकाणी वर्षभरात घरातलं कोणी गेलं नाही म्हणून ते रुसलेत. काका, तुम्ही जाऊन आलात, तुम्हाला आवडली, तिथं मिसळीचं काम झालं. फारच वाटत असेल तर ‘जाऊन या’ म्हणू नका, ‘चला, रविवारी मी नेतो’ म्हणा आणि पैसे तुम्ही द्या, मग बघा कोण नाही म्हणतं. दुसरी एक ताई, तिची जाऊ रोज वीस पंचवीस व्हिडिओ पाठवते आणि संध्याकाळी ‘बघितलंस का’ विचारते. ताई, जावेला सांग, दिवसाला एकच पाठव, तुझा सगळ्यात लाडका, तो मी नक्की बघीन. निवडायची वेळ आली की वीसचे दोन होतात, आणि ते दोन खरंच बघण्यासारखे असतात. आणि जे पाठवतात त्यांनी, मी धरून, एवढी एक शिस्त पाळावी की सांगून झालं की विषय सोडायचा. आमच्या वडिलांची ती पोस्टकार्डं बघ, १८७९ च्या १ जुलैला आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झालं, तेव्हा पाव आण्याला एक, तेव्हापासून त्यावर जागाच एवढी की आपलं म्हणणं लिहायचं, पत्ता लिहायचा, टाकायचं. ‘मिळालं का, वाचलं का, आवडलं का’ ह्याला जागाच नाही. मी आता कुणाला काही सुचवायचं असलं की मनात आधी पोस्टकार्डाएवढं करून बघते, त्यात नाही मावलं तर मला ते नीट माहीत नाही किंवा मी फुशारकी मारतेय, दोन्हीपैकी एक. तू पण तुझ्या पुढच्या पाच गोष्टींचं तसंच करून बघ, काय आहे, मी त्याचं काय करते, त्रास काय, बास.

एक राहिलं. तुझं पत्र आल्यावर उत्सुकता म्हणून मी परवा रात्री ते गालिचे धुण्याचे व्हिडिओ शोधले. पहिला लावला, चिखलानं इतका काळा की गालिचा आहे का डांबराचा तुकडा ते कळेना, मग पाण्याचा फवारा, साबणाचा फेस, ते गोल फिरणारं ब्रशाचं मशीन, आणि मग तो माणूस रबराच्या फळीनं पाणी ओढतो आणि त्या एका पट्ट्यात खालून लालभडक नक्षी वर येते. अगं! मी दुसरा लावला. मग तिसरा. पावणेबारा वाजता सून पाणी प्यायला उठली, म्हणाली काय बघताय आई एवढ्या रात्री?

म्हटलं, काही नाही, बातम्या.

तुझी,
मावशी